प्रशिक्षण घेऊन गेलेल्या मुख्याध्यापकांचा अभिप्राय: कधी, कसा घ्यायचा आणि त्यातून पुढची तुकडी कशी सुधारायची

मुख्याध्यापकांच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी दुपारी साडेचारला एक कागद फिरतो. बस गाठायची घाई, हजेरीपत्रकावर सही बाकी, समोर साधन व्यक्ती, म्हणजे शिकवणारी व्यक्ती, उभी. अशा वेळी ‘प्रशिक्षण कसे वाटले?’ या प्रश्नावर चाळीसपैकी चाळीस जण ‘अतिशय उपयुक्त’वर खूण करतात. तो गठ्ठा अहवालाला जोडला जातो आणि पुढची तुकडी जशीच्या तशी होते. हा अभिप्राय खोटा असतो असं नाही. तो स्वागताचा, जेवणाचा आणि वक्त्याच्या बोलण्याचा असतो. शाळेत परतल्यावर काय जमलं आणि काय अडलं, हे त्या दिवशी त्या माणसालाही ठाऊक नसतं.

कर्नाटकातल्या बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत मराठी शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी किंवा संस्थाचालकांसाठी जे प्रशिक्षण चालवतात, मग ते डाएटमधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) असोत, बीआरसीतले (गट साधन केंद्र) असोत वा चार-पाच शाळा असलेल्या शिक्षण संस्थेतले, त्यांच्यासाठी पुढचे टप्पे आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक जण चौथ्या टप्प्यापासून, म्हणजे प्रश्नावलीपासून सुरुवात करतात आणि तिथेच काम बिघडतं.

## टप्पा १: आपल्या हातात काय आहे ते लिहून काढा

एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे तुम्ही स्वतः बदलू शकता त्या गोष्टी: तासिकांचे विषय, त्यांचा क्रम, प्रत्येकाला दिलेला वेळ, वाटलेले कागद, साधन व्यक्ती, सरावाची उदाहरणं, नंतरचा पाठपुरावा. उजवीकडे तुमच्या हातात नसलेल्या गोष्टी: रिकाम्या जागा, अनुदान उशिरा येणं, एसएटीएसचा (विद्यार्थ्यांच्या नोंदींची कर्नाटकची ऑनलाइन प्रणाली) सर्व्हर, कन्नडमधून येणारी सुत्तोले (परिपत्रकं).

उजवीकडच्या गोष्टींवर मत विचारू नका. ‘शिक्षक पुरेसे आहेत का?’ असं विचारलं की समोरच्याला वाटतं आता काहीतरी होणार. काहीच होत नाही, आणि पुढच्या वेळी तो फॉर्म उघडतही नाही.

मग प्रशिक्षणाने मुख्याध्यापकाला कोणती कामं करता यावीत असं धरलं होतं, त्याची सहा ते आठ कामांची यादी करा. ‘नेतृत्वगुण विकसित होणे’ हे काम नव्हे. कामं अशी असतात:

- एसडीएमसीची (पालक सदस्य असलेली शाळा विकास व व्यवस्थापन समिती) बैठक नियमाप्रमाणे बोलावून ठराव लिहिणे
- कॅशबुक आणि बँकेचं पासबुक यांचा दर महिन्याला मेळ घालणे
- अक्षर दासोहच्या (शाळेतलं दुपारचं जेवण) धान्याचा प्रत्यक्ष साठा वहीशी जुळवणे
- वर्गात बसून पाठ पाहणे आणि शिक्षकाला लेखी सूचना देणे
- दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाचा प्रवेश नोंदवणे

तपासा: यादीतलं प्रत्येक काम झालं की नाही, हे शाळेत जाऊन एखादी वही, नोंद किंवा कागद बघून कळतं का? कळत नसेल तर वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा २: माणसांची यादी अद्ययावत करा

प्रशिक्षणाच्या वेळची हजेरी उचलून फोन लावत सुटू नका. सहा-आठ महिन्यांत काही जण निवृत्त झालेले असतात, काहींची बदली झालेली असते, काही जण प्रभारी होते आणि आता पुन्हा वर्गशिक्षक आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे पाच रकाने भरा: सध्याची शाळा, तालुका व क्लस्टर (जवळच्या शाळांचा गट), शाळेचा प्रकार (सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित), इयत्ता (१ ते ५, १ ते ७ किंवा ८, हायस्कूल) आणि मुख्याध्यापक धरून एकूण शिक्षक.

शेवटचा रकाना विसरू नका. जांबोटी-कणकुंबी भागातल्या दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापक स्वतः नलि-कलिचा (लहान इयत्तांना एकत्र, कृतीतून शिकवण्याची पद्धत) वर्ग घेत असतो. बेळगाव शहरातल्या हायस्कूलमध्ये कारकून असतो. ‘वर्गनिरीक्षणाला वेळ मिळत नाही’ हे उत्तर दोघांकडून येईल, पण त्याचा अर्थ एक नाही.

प्रभारी पद सोडलेल्यांना यादीतून काढू नका. त्यांना वेगळी खूण करा आणि ते पदावर असतानाच्या महिन्यांबद्दलच विचारा.

## टप्पा ३: तारीख ठरवा

प्रशिक्षण संपल्यावर चार महिन्यांच्या आत विचारलं तर उत्तरं अजून आठवणीवर चालतात. वर्ष उलटलं तर कोणती गोष्ट प्रशिक्षणात शिकली आणि कोणती शेजारच्या हेडमास्तरांकडून, हेच आठवत नाही. सहा ते नऊ महिने हा योग्य काळ.

त्यातही आपल्याकडचं वर्ष बघून दिवस निवडा:

- जून, जुलै टाळा. प्रवेश, पुस्तकवाटप, एसएटीएसमधल्या नोंदी. खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस, वीज आणि रेंज तिन्हींचा भरवसा नसतो.
- दसऱ्याच्या सुट्टीनंतर ते नोव्हेंबरअखेर हा सगळ्यात बरा काळ. मात्र १ नोव्हेंबरच्या आगेमागे बैठक ठेवू नका. कर्नाटक राज्योत्सवामुळे मुख्याध्यापक मोकळा नसतो आणि शहरातलं वातावरणही वेगळं असतं.
- डिसेंबरमध्ये सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर बेळगावात माणसं बोलावू नका. चर्चा निपाणी किंवा खानापूरला घ्या.
- फेब्रुवारीपासून हायस्कूलवाल्यांना एसएसएलसीशिवाय (दहावीची परीक्षा) दुसरं काही सुचत नाही.

ऊसतोड आणि भातकापणीही ध्यानात ठेवा. नोव्हेंबरात विचारलेल्या ‘शेवटच्या एसडीएमसी बैठकीला किती पालक आले?’ याचं उत्तर चिक्कोडी-निपाणीकडे तोडीमुळे आणि खानापुरात कापणीमुळे कमी येऊ शकतं. त्याचा दोष प्रशिक्षणाच्या माथी मारू नका. शेजारी ‘बैठक कोणत्या महिन्यात झाली?’ एवढा एक प्रश्न जोडा.

## टप्पा ४: प्रश्नावली लिहा

बारा प्रश्न, पंधरा मिनिटं. याहून मोठी झाली की शेवटचे प्रश्न डोळे झाकून भरले जातात.

मुख्य नियम एकच: मत विचारू नका, मागच्या वेळी काय घडलं ते विचारा.

चुकीचा प्रश्न: ‘एसडीएमसी बैठकीविषयीचं सत्र उपयुक्त होतं का?’ याला ‘हो’शिवाय उत्तर नाही.

त्याऐवजी चार छोटे प्रश्न लिहा:

1. शाळा सुरू झाल्यापासून एसडीएमसीच्या किती बैठका झाल्या? शेवटची कोणत्या महिन्यात?
2. शेवटच्या बैठकीला किती पालक सदस्य हजर होते?
3. ठराव कोणी लिहिला: तुम्ही, दुसऱ्या शिक्षकाने, की जुना ठराव बघून उतरवला?
4. ठराव लिहिताना कुठे अडलात? एका वाक्यात लिहा.

तिसऱ्या प्रश्नातला ‘जुना ठराव बघून उतरवला’ हा पर्याय मुद्दाम आहे. छापील पर्यायांत तो दिसला की तसं करणारे आपण एकटे नाही हे माणसाला कळतं आणि तो खरं उत्तर देतो. प्रत्येक कामासाठी असा एक ‘कबुली देण्याजोगा’ पर्याय ठेवा. कॅशबुकासाठी ‘तपासणी येणार कळल्यावर एकदम भरलं’, धान्यासाठी ‘पोती मोजली नाहीत, वहीवरून आकडा घेतला’. हे पर्याय नसले तर कागद स्वच्छ येतो आणि उपयोगाचा राहत नाही.

भाषा. प्रश्न मराठीत लिहा, पण ज्या कागदाचं किंवा पडद्यावरच्या बटणाचं नाव मुख्याध्यापक रोज कन्नडमध्ये वाचतो, ते तसंच ठेवा. ‘स्थलांतर प्रमाणपत्र’ लिहिलं तर दोन जण चुकीचा कागद धरतील. ‘वर्गावणे पत्र, म्हणजे टीसी’ लिहिलं की प्रश्न मिटला. सुत्तोलेला ‘परिपत्रक’ आणि सभा नडवळीला ‘इतिवृत्त’ म्हणणं पुस्तकी मराठीत शोभतं, प्रश्नावलीत गोंधळ घालतं. दोन्ही शब्द शेजारी लिहा.

श्रेणी. एक ते पाच गुण देण्याचे प्रश्न दोनाहून जास्त नकोत. आपल्याकडे पाहुण्याला तीन गुण देणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून सगळे चार-पाचवर जाऊन बसतात. त्याऐवजी निवड करायला सांगा: ‘खालील सहा सत्रांपैकी पुढच्या वेळी एक वगळायचंच झालं तर कोणतं वगळाल?’ इथे सगळ्यांना खूश ठेवता येत नाही. आमच्या मते साऱ्या प्रश्नावलीत सर्वाधिक माहिती देणारा प्रश्न हाच.

शाळेच्या प्रकारानुसार वाट. अक्षर दासोहचे प्रश्न विनाअनुदानित शाळेला लागू नाहीत. ‘लागू नाही’ हा पर्याय नसेल तर ते ‘नाही’ भरतात आणि तुमच्या हिशोबात ‘काम केलं नाही’ असं मोजलं जातं.

तपासा: प्रश्नावली पाच जणांकडून आधी भरून घ्या. त्यात एक तरी दोन शिक्षकी शाळेचा हवा. समोर बसा, घड्याळ लावा, जिथे ते थांबून ‘म्हणजे काय?’ विचारतात तिथे खूण करा. तीन खुणा पडलेला प्रश्न दुरुस्त करत बसू नका, नव्याने लिहा.

## टप्पा ५: विचारणार कोण

अभिप्राय बीईओ (गट शिक्षणाधिकारी) ऑफिसमार्फत किंवा सीआरपीच्या (क्लस्टरची साधन व्यक्ती) हातून मागवला की तो पत्र क्रमांकासह येतो, आणि मुख्याध्यापक त्याला तपासणीच समजतो. कॅशबुक मागे पडलंय हे तो वरिष्ठाला लेखी का देईल? ज्याने प्रशिक्षण दिलं त्यानेही विचारू नये. तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. शिक्षण संस्थेच्या बाबतीत संस्थेचा सचिव हा सगळ्यात चुकीचा माणूस.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, त्या मुख्याध्यापकांवर कसलाही अधिकार नसलेली व्यक्ती निवडा. चिक्कोडी भागातल्यांना बेळगावच्या कोणीतरी विचारावं आणि उलट. निवृत्त मुख्याध्यापक चांगले, फक्त ‘आमच्या वेळी’ सुरू करणारे नकोत.

सावधान: नाव लिहू नका असं सांगून पुढे तालुका, इयत्ता आणि शिक्षकसंख्या विचारली, तर खानापुरातल्या एकच मराठी हायस्कूल असलेल्या क्लस्टरमध्ये माणूस लगेच ओळखू येतो. पाचपेक्षा कमी माणसं असलेला कोणताही गट अहवालात वेगळा दाखवू नका, शेजारच्या गटात मिसळा.

गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो, पण अधिकारी असलेल्या ग्रुपवर टाकू नका. एकेकाला स्वतंत्र पाठवा. सात दिवसांनी एक आठवण, मग फोन. त्यानंतर पाठ सोडा.

## टप्पा ६: निवडक लोकांशी बोला

फॉर्ममधून काय घडलं ते कळतं. का घडलं ते बोलण्यातून. आठ ते दहा जणांना वीस मिनिटांचा फोन आणि सहा-सात जणांची एक चर्चा पुरते. निवड करताना हौसेने पुढे येणारे निम्मेच घ्या. उरलेले फॉर्म न भरलेल्यांतून घ्या.

चर्चेला शनिवारची दुपार सोयीची, शाळा सकाळची असते. वेळ दीड तास. प्रत्येकाला शाळेची एक खरी वही घेऊन यायला सांगा: सभा नडवळी किंवा कॅशबुक. वही उघडून ‘हे पान कसं लिहिलंत?’ विचारलं की हवेतल्या गप्पा थांबतात. पानाचे फोटो काढू नका. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि एकानेही नको म्हटलं तर हाताने टिपा.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालक एका खोलीत बसवू नका.

## टप्पा ७: प्रत्येक तक्रारीचं कारण वेगळं काढा

इथे घाई केली तर आधीचं सगळं वाया जातं. आलेली प्रत्येक अडचण चारपैकी एका खणात टाका:

- क: शिकवलंच नव्हतं
- ख: शिकवलं, पण शाळेतल्या प्रसंगाला लागू पडलं नाही
- ग: शिकवलं, जमतं, पण शाळेत करू दिलं जात नाही किंवा वेळ नाही
- घ: प्रशिक्षणाचा संबंधच नाही

नेहमीची चूक म्हणजे सगळ्या अडचणी ‘क’मध्ये टाकणं. मग उपाय ठरलेला: आणखी एक सत्र. कार्यक्रम फुगत जातो, अडचण तिथेच राहते.

एक उदाहरण नीट बघू. समजा सहा जणांनी लिहिलं: ‘एसएटीएसचं प्रशिक्षण अपुरं.’ वरवर पाहता ‘क’. फोन करून विचारलं, ‘शेवटचं कधी अडलं? कोणत्या मुलाच्या वेळी?’ तर चौघांचं उत्तर एकच निघतं: मूल महाराष्ट्रातून आलं होतं. चंदगडहून बेळगाव तालुक्यात, कागलहून निपाणीत, गडहिंग्लजहून हुक्केरीकडे. सीमाभागात हे नित्याचंच: आई माहेरी आली, वडिलांचं काम बदललं, मुलाचं नाव इकडच्या शाळेत. त्या मुलाची तिकडची नोंद महाराष्ट्राच्या सरल प्रणालीत, इकडे लागतो एसएटीएस क्रमांक. दोन्हीकडे चालणारा धागा म्हणजे यू-डायस प्लस या देशपातळीवरच्या नोंदीतला पेन क्रमांक (मुलाचा कायम शैक्षणिक क्रमांक), आणि तिकडच्या शाळेने मुलाला तिथून सोडलेलं नसेल तर इकडे काम अडतं. त्यातच दाखल्यावरचं नाव मराठी वळणाचं आणि आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं.

प्रशिक्षणात मात्र पडद्यावर दाखवलं होतं ते एकाच तालुक्यातल्या एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाचं उदाहरण. म्हणजे हा ‘ख’ आहे. उपाय नव्या सत्राचा नाही. त्याच सत्रातलं उदाहरण बदलायचं, आणि तिकडच्या मुख्याध्यापकाला पाठवायच्या विनंतीपत्राचा नमुना हातात द्यायचा. खर्च शून्य, वेळ तोच.

उरलेल्या दोघांची अडचण वेगळी: दुपारी सर्व्हर चालत नाही. तो ‘घ’.

‘ग’ खणाकडे विशेष लक्ष द्या. ‘वर्गात बसून पाठ पाहिला, पण ज्येष्ठ शिक्षकाला लेखी सूचना देता आली नाही’ असं कोणी म्हणत असेल तर निरीक्षणाचा तक्ता सुधारून काही होणार नाही. त्याला नातं न बिघडवता बोलण्याचा सराव हवा, तोही प्रत्यक्ष संवाद करून. त्याच गावचा, त्याच भावकीतला शिक्षक असेल तर आणखीच.

आकड्यांबद्दल. चाळीसपैकी २९ जणांनी उत्तर दिलं आणि ११ जणांनी ‘जुना ठराव बघून उतरवला’वर खूण केली, तर ‘२९ पैकी ११’ असंच लिहा. ‘३७.९ टक्के’ लिहिलं की चाळीस माणसांची पाहणी जिल्ह्याची असल्यासारखी वाटते. उत्तर न दिलेल्या ११ जणांची नावं टप्पा २ च्या यादीवर ठेवून बघा. त्यातले आठ जर खानापूरच्या जंगलपट्टीतले असतील, तर तुमच्याकडे आलेला अभिप्राय रेंज असलेल्या शाळांचा आहे. त्या आठांपैकी तिघांना तरी गाठल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासा: दोन जणांनी एकमेकांचं न बघता वर्गवारी करावी. दर दहा अडचणींमागे तीनहून जास्त ठिकाणी खण वेगळा पडला तर ख आणि ग यांतला फरक तुमच्याच मनात स्पष्ट नाही. पुन्हा फोन करा.

## टप्पा ८: तीनच बदल निवडा

एका तुकडीमागे तीन. जास्त केले तर पुढच्या वेळी कशामुळे फरक पडला ते सांगता येत नाही.

पाच दिवस, रोज चार तासिका, म्हणजे वीस तासिका. एक वाढवायची तर एक काढावी लागेल. काय काढायचं ते ‘कोणतं सत्र वगळाल?’ या प्रश्नाने आधीच सांगितलेलं असतं. बहुधा ते उद्घाटनानंतरचं लांबलचक भाषण असतं आणि वक्ता मोठा माणूस असतो. सत्र काढता येत नसेल तर अर्धं करा.

प्रत्येक बदल एका ओळीत लिहा: कोणती अडचण, कोणता खण, कोणत्या दिवशीची कोणती तासिका, काय काढलं, काय घातलं, जबाबदारी कोणाची. ‘ठराव लेखनावर अधिक भर देणे’ ही ओळ चालणार नाही. ‘दुसरा दिवस, तिसरी तासिका: व्याख्यान २० मिनिटं, मग प्रत्येकाने स्वतःच्या शाळेचा एक ठराव मराठीत लिहून त्याचा कन्नड मसुदा जोडीदारासोबत करणे’ ही चालेल.

## टप्पा ९: ज्यांनी सांगितलं त्यांना उत्तर द्या

तीस दिवसांच्या आत एक पान. वर तीन बदल. मधे ‘हे सांगितलंत, पण आमच्या हातात नाही, म्हणून अमुक कार्यालयाकडे कळवलं’. कळवलं असेल तरच लिहा. खाली आकडे: किती जणांना विचारलं, किती जणांनी उत्तर दिलं. नावं कुठेही नकोत. हे पान फॉर्म न भरलेल्यांनाही पाठवा, पुढच्या वेळी त्यांतलेच काही भरतात.

पुढच्या तुकडीला सहा महिन्यांनी विचारताना बदललेल्या तीन कामांचे प्रश्न शब्दही न बदलता तेच ठेवा. शब्द बदलला तर तुलना गेली. ‘जुना ठराव बघून उतरवला’ असं म्हणणारे आधी २९ पैकी ११ होते आणि आता तितक्याच उत्तरांत दहा असतील, तर बदल पोचलेला नाही. तीन-चारवर आले असतील तर तिघांच्या शाळेत जाऊन नडवळीची वही उघडून बघा. ठरावाची भाषा प्रत्येक बैठकीत वेगळी आहे की सगळीकडे प्रशिक्षणात वाटलेल्या नमुन्याचीच नक्कल आहे, ते पहिल्या दोन पानांतच दिसतं.